खंडेनवमीचं फूल

डोक्याला मार लागून महिनोन्‌महिने घरी बसलेल्यांसाठी हे लिहितोय, आणि अशा माणसाबरोबर एका घरात राहणाऱ्यांसाठीही. औषधांबद्दल मी काही सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. मला विसरण्याबद्दल बोलायचंय. काही गोष्टी मी खरंच विसरलो होतो आणि एक गोष्ट विसरल्याचं सोंग करत होतो. सात महिने दोन्ही विसरणं शेजारी शेजारी नांदली. त्यातल्या कशाने मला जास्त आजारी ठेवलं, ते अजून नीट कळलेलं नाही.

विमान

मी मूळचा पुण्याचा, वय एक्कावन्न. अकरा वर्षं आयर्लंडमध्ये आहे. घर पोर्टलीशला, नोकरी डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकपाशी, रोज ट्रेनने जाणं-येणं. घरात बायको मीनल आणि पंधरा वर्षांची मुलगी सई. मी फारसा बोलणारा माणूस नाही. ऑफिसात लोक 'क्रेक' करायला, म्हणजे गप्पाटप्पांना, पबमध्ये जातात तेव्हा मी लवकरची ट्रेन पकडतो. त्यामुळे मीनलनेच मला ढकलून एका हँगरमध्ये, विमान ठेवायच्या शेडमध्ये, पाठवलं. घरापासून अर्ध्या तासावर गवताची एक धावपट्टी आहे. तिथे दहा-बारा हौशी लोक नव्वदेक वर्षांपूर्वीचं एक विमान दुरुस्त करत होते. आठ उतारूंचं, एकावर एक असे दोन पंख असलेलं, लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून बनवलेलं. मला शिवण येतं. आईने शिकवलं होतं. पंखांचं बरंचसं कापड मी शिवलं.

तिथला मुख्य माणूस डेक्लन. सत्तरीला टेकलेला, आयुष्यभर लहान विमानं चालवलेला. त्याने पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक पुठ्ठ्याचं खोकं दिलं आणि यातले कागद लावून ठेव म्हणाला. अशा विमानांच्या सुरुवातीच्या काळातल्या अपघातांची कात्रणं आणि टिपणं होती त्यात. तेव्हा उतारूंचं सामानासकट वजन करायचे, वेताच्या खुर्च्यांवर बसवायचे आणि वैमानिक खाली रेल्वेचे रूळ बघत बघत वाट काढायचा. धुकं आलं की रूळ गायब. कुणी टेकडीवर गेलं, कुणी समुद्रात, कुणी एका गावाऐवजी दुसऱ्या गावाच्या बटाट्याच्या शेतात उतरलं. बहुतेक कागदांच्या शेवटी तेच एक वाक्य असायचं, वैमानिकाचा अंदाज चुकला. डेक्लन हसून म्हणायचा, मेलेला वैमानिक सोयीचा असतो, तो वाद घालत नाही.

तो दिवस, म्हणजे त्याचा आदला दिवस

खंडेनवमीला मी दुपारी हँगरमध्ये गेलो. लहानपणापासून या दिवशी घरात कात्री, शिवणयंत्र, पाना, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. ऑफिसात लॅपटॉपला फूल वाहतो तेवढंच उरलंय. या वर्षी हाताशी एवढं मोठं यंत्र होतं, त्यातलं कापड माझ्या हातचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ते उडणार होतं. मीनलने खिडकीतल्या कुंडीतले झेंडू मला डब्यात घालून दिले.

हत्यारांना फुलं वाहिली. विमानाला कुठे वाहायचं कळेना. फिरत्या पंख्याला बांधून चालणार नाही, चाकाशी ठेवलं तर चुरगळेल. खालच्या पंखाजवळून बोटाएवढी एक नळी पुढे आलेली असते. उडताना समोरची हवा तिच्यात शिरते आणि हवेच्या त्या जोरावरून वैमानिकापुढचा काटा वेग दाखवतो. एरवी तिच्यावर लाल कापडाची टोपी असते. त्या दिवशी ती काढलेली होती. मी सगळ्यात मोठं फूल घेतलं आणि त्याचा देठ त्या नळीच्या तोंडात खोचला. छान बसलं. ती नळी कशाची हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी खोचलं. म्हटलं, उद्या सकाळी काढू.

डेक्लनने लांबून बघितलं आणि म्हणाला, "शी लुक्स ग्रँड." त्याला फूल दिसलं की एकूण विमान, हे मला माहीत नाही.

त्यानंतरचं मला काही आठवत नाही. त्या दिवशी घरी परत आल्याचंसुद्धा नाही.

हॉस्पिटल

पुढचं आठवतं ते टोस्ट. बशीत दोन टोस्ट, लोणी, आणि एक नर्स मला विचारतेय की आपण कुठे आहोत. मी म्हटलं, पुणे. तिने मान डोलावली आणि म्हणाली, पाऊस बघता नसावं. दहा मिनिटांनी परत तोच प्रश्न. मीनल शेजारी बसलेली होती आणि तिच्या अंगावर तिचा ऑफिसचा कोट होता, म्हणजे रविवार नसावा, एवढंच मी ओळखलं.

काय झालं ते मला तिनेच सांगितलं. एकदा नाही, म्हणे त्या दिवशी अकरा वेळा सांगितलं. दसऱ्याला सकाळी मीच डेक्लनच्या मागे लागलो होतो की काही झालं तरी आजच उडू, आज आमच्याकडे सीमा ओलांडायचा दिवस. आम्ही दोघंच होतो. तो पुढे त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याएवढ्या जागेत, मी मागे उतारूंच्या खुर्चीवर. दोन घिरट्या छान झाल्या. उतरताना विमान फार वेगात आलं, अर्धी धावपट्टी वरूनच गेलं, मग टेकलं आणि शेवटच्या कुंपणापलीकडच्या चरात नाकावर उभं राहिलं. डेक्लनचं हाड मोडलं, खांद्याजवळचं. माझं कपाळ पुढच्या खुर्चीच्या कडीवर आपटलं.

डोक्याचा फोटो चांगला आला. मेंदूत रक्तस्राव नाही. सगळे म्हणाले ग्रँड. इथे ग्रँड म्हणजे उत्तमही आणि जेमतेमही, हे इतकी वर्षं राहून मला कळायला हवं होतं. चौथ्या दिवशी मला घरी सोडलं.

पण त्याच्या आधी, तिसऱ्या दिवशी, अपघाताचा तपास करणाऱ्या बाई आल्या. शांत, पेन्सिलीने लिहिणाऱ्या. त्यांनी विचारलं, उड्डाणाच्या आधीच्या दिवसांत तुम्ही विमानावर काही काम केलं होतं का?

तोपर्यंत मला ते फूल आठवलं होतं. खोचल्याचं लख्ख आठवत होतं. काढल्याचं आठवत नव्हतं.

मी म्हटलं, "आठवत नाही."

बाईंनी वही मिटली आणि सावकाश बरे व्हा म्हणाल्या. इतक्या मायेने म्हणाल्या की मला तिथेच उलटी झाली. नर्सने बादली धरली. डोक्याला मार लागला की असं होतंच, म्हणाली.

घर

तीन आठवड्यांनी मी स्वयंपाकघरात उभा राहून रडायला लागलो. प्रेस उघडलं होतं, इकडे कपाटाला प्रेसच म्हणतात, आणि त्यातून काय हवं होतं ते आठवेना. चहाचा डबा समोर होता. आधण उकळून आटलं होतं. त्या आठवड्यात आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे असं काही जणांचं लांबतं. डोकं दुखणं, भोवळ, उजेड न सोसणं, शब्द न सापडणं, चिडणं. किती दिवस? सांगता येत नाही. पुसला गेलेला तो दिवस परत येईल? बहुधा नाही. डॉक्टर तरुण होता, त्याने एक गोष्ट समजावून सांगितली. मेंदूला भोक आवडत नाही, म्हणाला, तो ते कशानेही भरून टाकतो. तेव्हा जे आठवल्यासारखं वाटेल त्यावर फार विसंबू नका.

ते त्याने सांगायला नको होतं. कारण मग मला आठवायला लागलं. मी फूल काढतोय, फुलाचा गेंद हातात आलाय, देठ आत राहिलाय. दुसऱ्या दिवशी आठवायचं की देठासकट निघालं, लांबलचक, बोटांना दवाचं पाणी लागलं. मग लक्षात यायचं की विमान हँगरमध्ये होतं, छपराखाली दव कुठून? म्हणजे हे खोटं. मग पहिलं खरं का? पहिल्यातही माझ्या अंगात गेल्या वर्षी हरवलेला निळा स्वेटर होता.

स्क्रीन बघायची मनाई होती. वाचायचं तर कागदावर, दहा मिनिटं. हँगरमधलं ते खोकं अपघाताच्या आधीपासून घरीच होतं. मी रोज दहा मिनिटं जुने अपघात वाचायचो. काय शोधत होतो? एखादा तरी कागद, ज्यात एखाद्या उतारूने काही केलं आणि विमान पडलं. एक सापडला. कुणीतरी सामानात कोंबड्या लपवून आणल्या होत्या आणि वजनाच्या वेळी बोलला नव्हता. त्याच्याही शेवटी तेच, वैमानिकाचा अंदाज चुकला. वाचून मला बरं वाटलं. असं बरं वाटलं हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

सईने घरभर चिकटपट्ट्या लावल्या. टी. प्लेट्स. बाबाज टॅब्लेट्स, नॉट मम्माज. एकदा मी सकाळची गोळी दुसऱ्यांदा घ्यायला गेलो तेव्हा ती मागून म्हणाली, "बाबा, यू'व्ह हॅड दॅट वन, सो यू हॅव." मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. ती वर निघून गेली आणि तिने त्या संध्याकाळी गोळ्यांच्या डबीवर वार लिहून ठेवले, सातही, रंगीत पेनांनी.

मीनल मला सगळीकडे गाडीने न्यायची, ऑफिस सांभाळायची, आणि कुणी विचारलं की म्हणायची, ही'ज ग्रँड. एकदा मात्र भाजी चिरता चिरता तिने विचारलं, ते झेंडू कुठे वाहिलेस रे? मी म्हटलं, हत्यारांना. ती परत चिरायला लागली.

डेक्लन

तो दर पंधरवड्याला यायचा. पहिले दोन महिने हात गळ्यात बांधलेला. येताना ब्राउन ब्रेड आणायचा, त्याच्या बायकोने भाजलेला. सोफ्यावर बसून माझ्याशी हळू आवाजात बोलायचा, कारण मला आवाज सोसत नसे. सुरुवातीला म्हणायचा, हेमंत, काटा कमी दाखवत होता, मी शपथेवर सांगतो. वेग कमी दिसला म्हणून तो वाढवायला मी नाक खाली ठेवलं. नंतर म्हणायला लागला, बहुतेक कमी दाखवत होता. तपासवाल्यांनी काटा तपासला होता. तो चांगला होता. नळी चरातल्या चिखलाने गच्च भरली होती, ती साफ केली, तीही चांगली होती. मार्चमध्ये तो म्हणाला, मलाच चुकीचं दिसलं असेल.

मी म्हणायचो, मला तर काहीच आठवत नाही. तो म्हणायचा, तुझं नशीब.

मेमध्ये तो आला तेव्हा त्याच्याजवळ ब्रेड नव्हता. थोडा वेळ हवापाण्याबद्दल बोलला. मग म्हणाला की त्याने उडायचा परवाना परत केलाय. मुलगी म्हणतेय आता गाडीही नको. डॉक्टरांकडे मेंदूच्या चाचणीची वेळ घेतलीय, स्मरणशक्तीची. त्याचा बाप शेवटी बायकोलाही ओळखत नव्हता. तेव्हा त्याला मला विचारायचं होतं, कारण माझ्या अशा चाचण्या झाल्या होत्या.

"ते काय विचारतात रे? मला जरा तयारी करून दे."

मी त्याला सांगितलं. शंभरातून सात वजा करत जायचं. घड्याळ काढायचं. पाच शब्द लक्षात ठेवायचे. माझ्याच स्वयंपाकघराच्या टेबलावर तो चष्मा लावून बसला आणि मोजायला लागला. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. बाहत्तरला थांबला. माझ्याकडे बघितलं, बरोबर का म्हणून. हजारो तास लोकांना सुखरूप उतरवलेला माणूस. मी म्हटलं, बरोबर. तो म्हणाला, तू चांगला मित्र आहेस. आणि गेला.

मी तेव्हाही बोललो नाही.

मीनल

ती कामावरून आली तेव्हा मी टेबलापाशी तसाच होतो. मी तिला सांगितलं. मला वाटलं होतं ती किंचाळेल किंवा खुर्चीत बसेल. तिने पर्स खुंटीला लावली.

"काहीतरी आहे हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू खरंच विसरतोस ना, तेव्हा चिडतोस. आणि डेक्लन समोर असताना आठवत नाही म्हणतोस, तेव्हा एकदम सभ्य होतोस."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं की. झेंडूचं." मग ती रागावली. ओट्याकडे तोंड करून म्हणाली की सात महिने तिला वाटत होतं, नवरा परत येतोय का नाही. आणि नवरा आत बसून कडी लावून होता. सईवर तू ओरडलास ते डोक्यामुळे का ह्यामुळे, तिने विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली आणि मला गाडीने डेक्लनकडे नेलं. ती गाडीतच बसून राहिली.

सांगितलं ते

तो परसात वाटाण्याला काठ्या लावत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर चहा आला असता. फूल, देठ, नळी, तपासवाल्या बाई, आठवत नाही. शब्द मध्ये मध्ये सापडत नव्हते. एरवी तो मला शब्द पुरवायचा. त्या दिवशी त्याने पुरवले नाहीत.

सगळं ऐकून तो म्हणाला, "उडायच्या आधी नळी बघणं माझं काम. तिथे देठ होता आणि मला दिसला नसेल, तर ती चूक माझी. त्याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही."

मला वाटलं, संपलं. एकदम हलकं वाटलं.

"पण काल मी तुझ्या घरी बसून सात सात वजा करत होतो," तो म्हणाला. "आणि तू माझी उत्तरं तपासत होतास."

हातातली काठी त्याने जमिनीत नीट रोवली, दुसरी उचलली. मी निघालो. त्याने हाक मारली नाही.

तपासवाल्या बाईंना मी त्याच आठवड्यात भेटलो आणि सगळं लिहून दिलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, नळी चिखलासकट आमच्याकडे होती. तुम्ही हॉस्पिटलमध्ये सांगितलं असतं तर धुण्याआधी आत काय आहे ते बघितलं असतं. आता कळणार नाही. त्यांच्या अहवालात आता असं आहे की नळी अंशतः बंद असण्याची शक्यता नाकारता येत नाही. निश्चित कारण सांगता येत नाही.

म्हणजे मी विमान पाडलं का? माहीत नाही. देठ आत राहिला का? माहीत नाही. हे माहीत नसणं आता माझं आहे, जन्मभराचं, आणि ते कुणा डॉक्टरकडे नेता येत नाही. भोवळ पुष्कळ कमी झालीय. जूनपासून आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जातो. शब्द अजून अडतात. सगळं सांगितल्याने मी बरा झालो असं म्हणायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. सांगितल्यानंतरचा महिना सगळ्यात वाईट गेला. एवढंच की आता कुणी मला काही विचारलं आणि मी आठवत नाही म्हटलं, तर ते खरं असतं. तुमच्याजवळ असं काही असेल तर पहिल्या आठवड्यात सांगा, नर्सला सांगा, बादली धरणाऱ्या कुणालाही सांगा. नंतर तो चिखल कुणीतरी धुऊन टाकतं.

डेक्लन आमच्याकडे आला नाही. त्याच्या चाचणीत काही निघालं नाही, हे मीनलला त्याच्या बायकोने दुकानात सांगितलं. त्याने परवाना परत मागितल्याचंही तिनेच सांगितलं.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना फोन वाजला. त्याचा आवाज वाऱ्यात अडकत होता, मागे कुणीतरी हसत होतं. म्हणाला, एका लहान विमानातून परीक्षकाला शेजारी बसवून तीनदा उडालो, तीनदा उतरवलं. तिन्ही वेळा ठरवलं होतं तिथेच चाकं टेकली.

मी हातातला घास ताटात ठेवला.

"तुझ्याशी दिलजमाई करायला फोन केला नाही," तो म्हणाला. "तुला कळायला हवं म्हणून केला." आणि ठेवला.

सईने विचारलं, "हू वॉज दॅट?"

"डेक्लन," मी म्हटलं. "उडाला तो."

मीनलने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ताटाकडे, आणि मी न मागताच मला थोडा भात वाढला.